विरघळवणे सोपे, सोडवून घेणे अवघड

काही महिन्यांपूर्वी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातल्या एका शाळेत आम्ही नववी-दहावीच्या मुलांपुढे एक छोटासा प्रयोग करून दाखवला. त्यासाठी छावणीच्याच बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून तीन पुड्या आणल्या होत्या. एकीत कापूर, दुसरीत पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल आणि तिसरीत ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल. तिन्ही पदार्थ कोरडे, पांढरे, स्फटिकरूप. मुलांनी ते हातात घेऊन पाहिले. मग तिन्ही सारख्या प्रमाणात एका कोरड्या काचेच्या बाटलीत घातले, बूच लावले आणि बाटली हलवत वर्गातून फिरवली. पाणी घातले नव्हते, दिवा लावला नव्हता. तरी थोड्याच वेळात बाटलीत स्वच्छ, पातळ द्रव तयार झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी लगेच म्हणाली, "ही तर अमृतधारा! आमच्या आजीकडे असते."

आम्ही खूश झालो. द्रवणांक, अशुद्धी, रेणूंमधली ओढ असे सगळे ठरवून ठेवलेले बोलू लागलो. तेवढ्यात एका मुलाने हात वर केला. "सर, आता यातला कापूर परत वेगळा काढून दाखवा."

मिठाचे पाणी आटवले की मीठ उरते, हे तो सहावी-सातवीत शिकला होता. त्याच हिशेबाने तो विचारत होता. पण इथे काय आटवणार? कापूर, मेंथॉल आणि थायमॉल तिन्ही उडून जाणारे. तापवले तर तिन्ही थोडे थोडे एकदमच जातील. आम्ही "ते जरा अवघड आहे" असे काहीतरी म्हणालो आणि तासाची घंटा झाली.

घंटेने सोडवले खरे, पण प्रश्न काही सुटला नाही. वनस्पतींमधून रंग, औषधी द्रव्ये, सुगंध, तेले काढण्यासाठी आज ज्या नव्या, 'हरित' म्हणवल्या जाणाऱ्या द्रावकांचा जगभर अभ्यास चालला आहे, त्यांची खरी अडचण त्या मुलाने एका वाक्यात सांगितली होती. द्रावक पदार्थाला आपल्यात किती घेतो, हे आपण नेहमी पाहतो. घेतलेले तो सोडतो कसा, हे पाहायचे राहून जाते. या एका कसोटीवर द्रावकांचा इतिहास तपासला तर काय दिसते, ते या लेखात पाहू. त्याचा आरंभ छावणीपासून फार लांब नाही.

कुसुंब्याचा हिशेब

शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठण आहे. पैठणीच्या जुन्या रंगांच्या नावांत 'कुसुंबी' हे एक नाव येते. कुसुंब म्हणजे आपली करडई. आज करडई म्हटले की तेल आठवते; पण शेकडो वर्षे हे पीक तेलाइतकेच पाकळ्यांसाठीही लावले जात असे.

करडईच्या पाकळ्यांत दोन प्रकारची रंगद्रव्ये असतात. पिवळी द्रव्ये भरपूर असतात आणि ती पाण्यात सहज विरघळतात. लाल द्रव्य, ज्याला रसायनशास्त्रात कार्थामिन म्हणतात, ते मात्र वाळलेल्या पाकळ्यांत सर्वसाधारणपणे अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असते आणि ते साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. रंगाऱ्याला हवे असायचे ते हेच द्रव्य. भरपूर पिवळ्यातून चिमूटभर लाल वेगळे कसे काढायचे?

त्याची रीत अशी होती. पाकळ्या पाण्यात तुडवून पुन्हा पुन्हा धुवायच्या. पिवळा रंग पाण्याबरोबर निघून जातो, लाल मागे राहतो. मग धुतलेल्या पाकळ्यांना सज्जीखार, म्हणजे अशुद्ध धुण्याचा सोडा, चोळायचा आणि वरून पाणी सोडून फडक्यातून गाळून घ्यायचे. आता लाल द्रव्य पाण्यात उतरते. या पाण्यात कापड बुडवून त्यात लिंबाचा रस किंवा चिंचेसारखी दुसरी आंबट वस्तू घालायची. पाण्यातला रंग सुटतो आणि सुताला, रेशमाला धरून बसतो.

यामागचे रसायनशास्त्र दहावीच्या विद्यार्थ्याला कळण्याजोगे आहे. कार्थामिनच्या रेणूवर फिनॉल जातीचे गट असतात. अल्कलीत हे गट आपला हायड्रोजन आयन सोडतात, रेणूवर ऋण प्रभार येतो आणि प्रभारित रेणू पाण्यात विरघळतो. आम्ल घातले की हायड्रोजन आयन परत मिळतो, प्रभार नाहीसा होतो आणि रेणू पाण्याबाहेर पडू पाहतो. म्हणजे रंगाऱ्याच्या हातात दोन किल्ल्या होत्या. घेण्याची किल्ली खार आणि सोडण्याची किल्ली आंबट. द्रावक एकच, पाणी. जपानमध्येही करडईचा लाल रंग याच तत्त्वाने काढत. तिथे खार लाकडाच्या राखेतून येई आणि आंबटपणा फळांतून. एकमेकांपासून इतक्या दूरच्या कारागिरांच्या हाती या दोन किल्ल्या होत्या, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या रीतीचे कौतुक करताना तिचे दोषही सांगायला हवेत. कुसुंबी रंग उन्हात उडतो. साबणाने तर लवकरच जातो, कारण साबणाचे पाणी अल्कधर्मी असते आणि घेण्याची किल्ली तीच! काटेरी झाडावरून पाकळ्या वेचण्याचे कष्ट वेगळेच. अर्धा टक्का द्रव्यासाठी बोटे रक्तबंबाळ करून घेणाऱ्या बायामाणसांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत.

कागदावरून आठवले. इंग्लंडमध्ये सरकारी आणि कायदेशीर कागद ज्या लालसर फितीने बांधत, ती फीत करडईच्या रंगात रंगवली जाई. 'लालफितीचा कारभार' म्हणून आपण ज्याच्या नावाने बोटे मोडतो, त्या फितीचा रंग मुळात या काटेरी झाडाचा.

उडून जाणारे द्रावक

छावणीच्या इतिहासात १८५७ हे साल महत्त्वाचे आहे. निजामाच्या नावाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेल्या इथल्या फौजेतल्या घोडदळाने त्या वर्षीच्या जूनमध्ये बंडाचा झेंडा उभारला. रंगाऱ्यांच्या इतिहासात मात्र त्याच्या आदले वर्ष अधिक महत्त्वाचे ठरले. १८५६ मध्ये लंडनला विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला, क्विनीन बनवण्याच्या खटपटीत, ॲनिलिनपासून एक जांभळा रंग मिळाला. डांबरापासून रंग बनवण्याचे कारखाने त्यातून उभे राहिले आणि पुढच्या काही दशकांत नीळ, मंजिष्ठ, कुसुंब हे वनस्पतिजन्य रंग बाजारातून मागे हटले.

डांबर आणि पुढे खनिज तेल यांनी रंगांबरोबर आणखी एक गोष्ट दिली. बेंझीन, हेक्झेन यांसारखे सेंद्रिय द्रावक स्वस्त आणि मुबलक झाले. ज्या गोष्टी पाण्याला दाद देत नाहीत, तेले, मेण, राळ, अल्कलॉइडे, त्या या द्रावकांत झटकन उतरतात. १८७९ मध्ये फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दुधातले स्निग्ध पदार्थ मोजण्यासाठी एक काचेचे उपकरण तयार केले. त्यात थोडासाच द्रावक पुन्हा पुन्हा उकळून, थंड होऊन पदार्थावर पडत राहतो. आजही वनस्पतींवर काम करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत सॉक्सलेटचे उपकरण असते.

या द्रावकांची सोडण्याची किल्ली कोणती? उष्णता. हेक्झेन सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळतो, बेंझीन ८० अंशांना. तापवले की द्रावक उडतो, पदार्थ मागे राहतो. वाफ थंड केली की द्रावक परत हाती येतो. सोडण्याच्या बाबतीत यांच्यासारखे उदार द्रावक दुसरे नाहीत. घाणीतून किंवा एक्स्पेलरमधून निघालेल्या पेंडीत बरेच तेल शिल्लक राहते. हेक्झेनने धुतल्यावर ते एका टक्क्याच्या आसपास येते. लातूर परिसरात सोयाबीनवर चालणारे सॉल्व्हंट प्लांट याच तत्त्वावर उभे आहेत.

पण जो गुण सोडण्याच्या कामी येतो तोच घातक ठरतो. जो द्रावक सहज उडतो तो श्वासातही सहज जातो आणि ठिणगी मिळाली तर पेटही घेतो. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि हवेत जेमतेम एक टक्का प्रमाण झाले तरी स्फोटक बनते. १९६० च्या दशकात जपानमध्ये चपला बनवणाऱ्या घरगुती कारागिरांच्या हातापायांतली शक्ती जाऊ लागली. चिकटवण्याच्या डिंकातला हेक्झेन कोंदट खोल्यांत श्वासावाटे जाऊन मज्जातंतूंना इजा करीत होता. बेंझीनची गोष्ट त्याहून वाईट. लुडविग रोझेलियस या जर्मन व्यापाऱ्याने १९०५-०६ च्या सुमारास कॉफीतले कॅफिन काढून टाकण्याची जी पहिली व्यापारी पद्धत आणली, तिच्यात बेंझीन वापरले जात असे. प्रकृतीला बरी म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉफीसाठी वापरलेला हा द्रावक रक्ताच्या कर्करोगाला कारण होतो, हे पुढे सिद्ध झाले.

आमच्या पीएच.डी.च्या काळात सॉक्सलेटसमोर रात्र काढल्यावर सकाळी डोके जड होत असे. तेव्हा ते जागरणामुळे, अशी आम्ही स्वतःची समजूत घालत होतो. झरोका बंद असे, वाफ ओढून घेणारे कपाट बंद पडलेले असे. सरावाने वासही येईनासा झाला होता. आज आमच्याकडे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही तसे बसू देत नाही.

दाब आणि पाणी

उष्णतेऐवजी दुसरी किल्ली शोधण्याचे प्रयत्न झाले. जर्मनीत कुर्ट झोझेल यांनी १९६० च्या दशकात दाखवले की कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाबाखाली ठेवला, तर तो धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. या स्थितीत तो कॉफीतले कॅफिन उचलतो. दाब कमी केला की पुन्हा साधा वायू होतो आणि घेतलेले सोडून देतो. सोडण्याची किल्ली दाब. मात्र एवढा दाब पेलणारी जाड पोलादी भांडी महाग पडतात.

दुसरी वाट मुंबईत, माटुंग्याला चोखाळली गेली. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजेच पूर्वीच्या यूडीसीटीत, प्रा. विलास गायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हायड्रोट्रोपी' या गुणधर्माचा वनस्पतींवर उपयोग केला. हा गुणधर्म कार्ल न्यूबर्ग या शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये वर्णन केला होता. काही विशिष्ट क्षार पाण्यात भरपूर प्रमाणात विरघळवले, की एरवी पाण्यात न विरघळणारे सेंद्रिय पदार्थ त्या पाण्यात विरघळू लागतात. गौरव रामन आणि गायकर यांनी २००२ मध्ये काळ्या मिरीतले पायपरीन अशा क्षारांच्या पाण्याने काढून दाखवले आणि ते सुमारे ९० टक्के शुद्ध मिळाले. पुढच्या वर्षी हळदीतल्या कुर्क्युमिनवरचे काम प्रसिद्ध झाले.

इथली सोडण्याची किल्ली पाहा. क्षाराचे प्रमाण एका मर्यादेच्या खाली गेले की त्याची विरघळवण्याची शक्ती एकदम ढासळते. म्हणून नुसते आणखी पाणी ओतायचे. पायपरीन आपोआप खाली बसते. आग नाही, स्फोट नाही. पण हिशेब इथे संपत नाही. पातळ झालेले क्षाराचे पाणी पुन्हा वापरायचे तर ते आटवावे लागते आणि पाणी आटवायला इंधन फार लागते.

कुल्फी, सोल्डर आणि लेस्टर

आता आपल्या बाटलीकडे येऊ. कापराचा द्रवणांक १७५ अंशांच्या वर, थायमॉलचा ५० च्या आसपास, मेंथॉलचा ४२-४३. तिघे एकत्र आले की वर्गातल्या तापमानालाच द्रव. असे का होते?

शुद्ध पदार्थाचे रेणू स्फटिकात ओळीने बसलेले असतात. परके रेणू मध्ये आले की ओळ मोडते आणि पदार्थ कमी तापमानाला वितळतो. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो ते याचसाठी. बर्फ आणि मीठ यांच्या ठरावीक प्रमाणातल्या मिश्रणाचे तापमान शून्याखाली २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे जुने सोल्डरही तसेच. कथील २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ ला. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे घेतले तर मिश्रण १८३ अंशांनाच वितळते. ज्या प्रमाणाला द्रवणांक सर्वांत खाली येतो, त्या मिश्रणाला 'युटेक्टिक' म्हणतात. ग्रीक भाषेतून घेतलेला, 'सहज वितळणारे' अशा अर्थाचा हा शब्द इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक गथ्री यांनी १८८४ मध्ये रूढ केला.

२००३ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू ॲबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच एक मिश्रण जाहीर केले. कोलीन क्लोराइड हा क्षार ३०२ अंशांना वितळतो. कोंबड्यांच्या खाद्यात तो घालतात. युरिया १३३ अंशांना वितळतो आणि तो तर प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचा. एक रेणू कोलीन क्लोराइडला दोन रेणू युरिया असे प्रमाण घेतले तर मिश्रण १२ अंशांनाच वितळते, म्हणजे आपल्याकडच्या हिवाळ्यातही बहुतेक वेळ ते द्रवच राहील. युरियाचे रेणू हायड्रोजन बंधांनी क्लोराइड आयनाला धरून ठेवतात आणि स्फटिकाची ओळ जुळूच देत नाहीत. द्रवणांकाची ही घसरण फार खोल असते, म्हणून अशा द्रवांना 'डीप युटेक्टिक' द्रावक असे नाव पडले.

हे द्रावक जवळजवळ उडत नाहीत, सहजी पेटत नाहीत, बनवायला सोपे आहेत. शिवाय घटक बदलून त्यांचा स्वभाव बदलता येतो. साहजिकच ते सगळीकडे पसरले. २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ होऊन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी असे नाव घेतलेल्या माटुंग्याच्या त्याच संस्थेत प्रा. गणपती शंकरलिंग यांच्या गटाने २०१० मध्ये कोलीन क्लोराइड आणि युरियाच्या या द्रवात अँथ्राक्विनोन वर्गातल्या संयुगांवर ब्रोमिन चढवून दाखवले. ही संयुगे रंगनिर्मितीत वापरली जातात. याच संस्थेचे मराठवाड्यातले केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे.

फिरून करडईकडे

२०११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या यंग हे चोई, रॉबर्ट फेरपोर्टे आणि सहकाऱ्यांनी एक वेगळाच विचार मांडला. वनस्पतींच्या पेशींत शर्करा, मॅलिक आम्ल, सायट्रिक आम्ल, प्रोलीन, कोलीन असे पदार्थ भरपूर असतात. त्यांना ठरावीक प्रमाणात एकत्र केले की त्यांचेही डीप युटेक्टिक द्रव होतात. मग पाणी आणि तेल यांच्याखेरीज हा तिसरा द्रव वनस्पती स्वतःच वापरत नसतील कशावरून? पाण्यात न विरघळणारी द्रव्ये पेशीत विरघळलेली कशी राहतात, याचा एक संभाव्य उलगडा त्यात होता. हे अनुमान होते आणि शीर्षकही प्रश्नार्थकच होते. पण त्यातून पुढचे पाऊल सुचले. वनस्पतीतले द्रव्य काढायला वनस्पतीचाच द्रव वापरून पाहावा.

त्यासाठी त्यांनी निवडलेली वनस्पती कोणती? करडई! पाण्यात सहज विरघळणाऱ्या पिवळ्यापासून न विरघळणाऱ्या लालपर्यंत सर्व स्वभावांची रंगद्रव्ये एकाच पाकळीत मिळतात, हे त्यामागचे कारण. ज्या गुणाने रंगाऱ्याला इतके कष्ट दिले, तोच गुण आता परीक्षेसाठी सोयीचा ठरला. युनताओ दाई आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की साखर व कोलीन क्लोराइड, लॅक्टिक आम्ल व ग्लुकोज, प्रोलीन व मॅलिक आम्ल अशा मिश्रणांत करडईची द्रव्ये नेहमीच्या द्रावकांपेक्षा अधिक उतरतात. पुढच्या वर्षी त्यांनी असेही दाखवले की या द्रवांत करडईचे रंग अधिक काळ टिकतात.

घेण्याची परीक्षा उत्तम गुणांनी पार पडली. आता त्या मुलाचा प्रश्न. परत कसे काढायचे?

हे द्रव उडत नाहीत हा त्यांचा गुण. पण म्हणूनच ते तापवून घालवता येत नाहीत. शिवाय ते मधासारखे घट्ट असतात. कोलीन क्लोराइड आणि युरियाचा द्रव २५ अंशांना पाण्याच्या शेकडो पट घट्ट असतो. पाकळीत शिरायला आणि गाळायला त्यात थोडे पाणी घालून तो पातळ करावा लागतो; आणि पाणी जास्त झाले की हायड्रोजन बंधांचे जाळे मोडून तो नुसता साखरेचा आणि आम्लाचा पाक होतो. लायडनच्या गटाने सच्छिद्र रेझीनचा उपाय केला. पाण्याने पातळ केलेले द्रावण रेझीनवरून सोडले की रंगद्रव्ये रेझीनला चिकटतात, साखर-आम्ल वाहून जातात; मग अल्कोहोलने रंगद्रव्ये धुऊन घ्यायची. यातून मुख्य द्रव्ये ७५ ते ९७ टक्के परत मिळाली. प्रयोगशाळेसाठी हे आकडे चांगलेच आहेत. पण शेवटी अल्कोहोल आलेच, ते आटवणे आले आणि पातळ झालेला द्रावक पुन्हा वापरायचा तर त्यातले पाणी आटवणेही आले.

हिरवे कशाला म्हणावे?

पॉल ॲनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. तेव्हापासून 'हरित' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. आम्ही स्वतः या क्षेत्रात काम करतो, म्हणून हे सांगणे आमचे कर्तव्य समजतो. कोलीन निसर्गात असते हे खरे. पण पोत्यातून येणारे कोलीन क्लोराइड कारखान्यात ट्रायमिथिल अमाइन आणि इथिलीन ऑक्साइड यांच्यापासून बनते आणि इथिलीन ऑक्साइड येते ते खनिज तेलातून. निसर्गातले दोन पदार्थ मिसळले म्हणून मिश्रणही निरुपद्रवी, असे गृहीत धरता येत नाही; मिश्रणाची स्वतंत्र तपासणी करावी लागते. द्रावक कुठून येतो, कामगाराच्या अंगावर काय येते, घेतलेले कसे सोडतो आणि शेवटी तो स्वतः कुठे जातो, या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय हिरवा शिक्का मारू नये. आज बहुतेक शोधनिबंध पहिले दोन प्रश्न आत्मविश्वासाने सोडवतात आणि तिसऱ्याशी अडखळतात.

एक वाट मात्र अशी आहे की जिथे तिसरा प्रश्न उरतच नाही. द्रावक काढायचाच नाही. साखर, सेंद्रिय आम्ल आणि पाणी यांचा द्रावक खाण्याजोगा असेल, तर रंगासकट तो तसाच सरबतात किंवा मिठाईत जाऊ शकतो. गुलकंदातून कोणी साखर परत काढतो का? गुलकंद हा डीप युटेक्टिक द्रावक आहे असा आमचा दावा नाही, पण विचार तोच आहे. सोडवून घेण्याची गरजच पडू नये अशी योजना करणे, हेही सोडवण्याचेच एक उत्तर आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने यात एक खरी गोष्ट पणाला लागलेली आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक हे करडईचे मुख्य प्रदेश. पण गेल्या तीन दशकांत करडईचे क्षेत्र फार आक्रसले. काटे, काढणीला न मिळणारे मजूर, खरिपात सोयाबीनची ओढ अशी त्याची कारणे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण दिले आणि पाकळ्यांच्या चहाचाही पुरस्कार केला. परभणीच्या कृषी विद्यापीठानेही या पिकावर सातत्याने काम केले आहे. कमी पाण्यात येणाऱ्या या पिकाच्या पाकळ्यांनाही भाव मिळाला तर शेतकऱ्याला ते हवेच आहे. परंतु नव्या द्रावकाच्या जोरावर त्याला आज तशी आशा दाखवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विरघळवण्याचा खर्च कळला आहे. सोडवण्याचा खर्च अजून कमी व्हायचा आहे.

वर्गात करून पाहा

करडई फुलोऱ्यात येते साधारण डिसेंबर-जानेवारीमध्ये. फुलोरा उतरताना लालसर झालेल्या मूठभर पाकळ्या सावलीत वाळवून ठेवा. फडक्यात बांधून गार पाण्यात, पिवळा रंग जवळजवळ निघेपर्यंत, पुन्हा पुन्हा पिळा. मग दोन पेले पाण्यात अर्धा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून त्यात या पाकळ्या अर्धा तास भिजवा आणि गाळून घ्या. गाळलेल्या पाण्यात पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा बुडवून लिंबाचा रस थोडा थोडा पिळा. फसफसणे थांबेपर्यंत रस घालत राहा. कापड गुलाबी होऊ लागते. सोड्याच्या पाण्यात पाकळ्या रात्रभर ठेवू नका, रंग बिघडतो.

अमृतधारेचा प्रयोग करायचा असेल तर खिडक्या उघड्या ठेवा, प्लॅस्टिकची नव्हे तर काचेची बाटली घ्या आणि कोणी चव घेणार नाही याची काळजी घ्या. कापूर पोटात गेला तर मुलांना घातक ठरतो.

करडईच्या पाकळ्या घेऊन आम्ही छावणीतल्या त्याच शाळेत पुन्हा गेलो. लिंबू पिळायला त्याच मुलाला बोलावले. रंग पाण्यातून सुटून कापडावर चढताना त्याने पाहिला आणि म्हणाला, "हा सुटला. कापूर का नाही सुटला?" या वेळी आम्ही घंटेची वाट पाहिली नाही. दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी फळ्यावर मांडले. पाण्याला रंग सोडायला लावणारे लिंबू आपल्याजवळ होते. त्या बाटलीसाठीचे लिंबू अजून आपल्याला सापडलेले नाही, असे सांगितले.

द्रावणाचा पाठ शिकवताना 'काय कशात विरघळते' याचा तक्ता आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्या तक्त्यात 'परत कसे मिळवाल?' असा आणखी एक रकाना घालावा, एवढीच शिक्षकमित्रांना आमची विनंती आहे. त्यातली काही घरे रिकामी राहतील. ती रिकामीच ठेवावीत. पुढे कोणीतरी विद्यार्थी ती भरील.